प्लेग गावांना आठवतो, मग मानमोडी (१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ) का आठवत नाही? सातारा-सांगलीच्या जुन्या नोंदींच्या निमित्ताने

माहुलीकर (सातारा)

२०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत वर्षानुवर्षे बस्त्यांत बांधून पडलेली कोतवाल बुके, म्हणजेच गाव नमुना १४ ची जन्ममृत्यूची रजिस्टरे, पुन्हा उघडली गेली. बहुतेकांची नजर त्यांतल्या जातीच्या रकान्यावर होती. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांबरोबर बसून मी मात्र मृत्यूच्या कारणाचा रकाना वाचत राहिलो. त्या वाचनातून जो प्रश्न पडला, तो या धाग्यावर मांडतो आहे.

या रकान्यात कारणे मोजकीच असतात: ताप, पटकी (कॉलरा), देवी, हगवण, वृद्धापकाळ आणि १८९७ नंतर प्लेग. प्लेगच्या नोंदी महिन्यामहिन्यांवर पसरलेल्या आहेत. एखाद्या ठिकाणी त्या अचानक थांबतात, कारण गाव उठून रानात राहायला गेलेले असते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू होतात. १९१८ सालची पाने उलटली की चित्र एकदम निराळे दिसते. दसरा ते दिवाळी एवढ्या काळात पानामागून पान भरलेले, पहिल्या ओळीत 'ताप' आणि त्याखाली पानाच्या तळापर्यंत 'सदर', 'सदर', 'सदर'. एका गावच्या बुकात तर ऐन ऑक्टोबरात हस्ताक्षरच बदललेले आहे; लिहिणाराच आजारी पडला असावा, असे माझ्या स्नेह्यांचे मत पडले.

थोडी पार्श्वभूमी देतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला आणि तिथून दक्षिणेकडे उतरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांकडून घरझडती सुरू झाली, २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि पुढे टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. हा इतिहास शाळकरी मुलांनाही पाठ असतो. सातारा जिल्ह्याची १९०१ च्या जनगणनेतील लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या आसपास होती आणि ती दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा कमी होती. या घटीत प्लेग आणि दुष्काळ या दोघांचाही वाटा होता. (आजचा सांगली जिल्हा त्या वेळी बराचसा या जिल्ह्यात आणि उरलेला संस्थानांत विभागलेला होता, हे नव्या वाचकांसाठी.)

आता मानमोडीकडे पाहू. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून आलेली इन्फ्लुएंझाची पहिली लाट सौम्य होती, परंतु सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या लाटेने हिंदुस्थानात काही आठवड्यांत सव्वा कोटी ते दोन कोटी माणसे नेली. अंदाज वेगवेगळे आहेत, पण प्लेगने वीस-पंचवीस वर्षांत जेवढे बळी घेतले, निदान तेवढे या तापाने एका हंगामात घेतले, याविषयी फारसा वाद नाही. आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ मध्ये २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख झाली. जनगणनेच्या इतिहासात दशकाअखेर लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव उदाहरण आहे.

असे असूनही प्लेगने कायदा दिला, राजकारण दिले, रानातल्या वस्त्या दिल्या, घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी दिल्या. मानमोडीने मात्र जवळजवळ काहीच मागे ठेवले नाही. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ४३० साली आलेली साथ किंवा १३४७ नंतर युरोप निम्मा रिकामा करणारा काळा मृत्यू यांच्याविषयी आपण वाचतो, तेव्हा जितके मृत्यू अधिक तितका समाजावर परिणाम अधिक, असे सरळ गणित आपल्या मनात असते. आपल्याच जिल्ह्यातले हे उदाहरण त्या गणितात बसत नाही.

माझे म्हणणे असे की, साथीचा ठसा मृतांच्या संख्येवरून ठरत नाही. सरकारने घरात किती काळ पाय ठेवला आणि माणसांना त्या साथीविरुद्ध, चूक वा बरोबर, काहीतरी करता आले का, यावरून तो ठरतो. जाणकारांनी यावर लिहावे. आपल्या गावातील नोंदी वा ऐकीव माहिती असल्यास तीही द्यावी, मात्र ऐकीव असेल तर तसे स्पष्ट म्हणावे.

मिरजेचा डॉक्टर (मिरज)

माहुलीकर, प्रश्न उत्तम आहे, परंतु उत्तराची सुरुवात सरकारपासून न करता उंदरापासून करावी लागेल.

प्लेगचा जंतू येरसँ यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला आणि तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसात येतो हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. आधी उंदीर मरतात, यजमान गेल्याने उपाशी झालेल्या पिसवा माणसांकडे वळतात आणि मग काही दिवसांनी माणसांना ताप व गाठी येऊ लागतात. याचा अर्थ असा की, प्लेग पूर्वसूचना देऊन येणारा रोग होता. 'उंदीर पडले, आता गाव सोडा' हा आपल्याकडच्या खेड्यांचा ठोकताळा शास्त्रज्ञांच्या मान्यतेची वाट न पाहता तयार झाला होता आणि तो अगदी अचूक होता. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींत धान्यासाठी बळदे असत, माजघरात कणग्या असत. उंदरांना याहून सोयीची जागा कुठली? रानात खोपटी घालून राहिल्यावर उंदीर, पिसवा आणि माणूस यांची साखळी तुटे. कडक उन्हाळ्यात पिसवा तग धरत नाहीत, त्यामुळे साथ ओसरे आणि लोक घरी परतत.

रेल्वेचा संबंध इथेच येतो. पुण्याहून मिरजेकडे येणाऱ्या गाड्यांतून माणसे येत होती आणि धान्याच्या पोत्यांतून उंदीर व पिसवा येत होत्या. प्रवाशांना उतरवून तपासण्याचा जो खटाटोप सरकारने केला, तो पोती न तपासता केल्याने बहुतांशी वाया गेला.

याउलट इन्फ्लुएंझाचा अधिशयन काळ (लागण होण्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा) एक-दोन दिवसांचा, प्रसार श्वासावाटे, आणि रोगाचे कारण त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ मध्ये. १९१८ मध्ये डॉक्टर मंडळी भलत्याच जंतूला दोष देत होती. गाव सोडून जाण्यात अर्थ नव्हता, कारण सोडून जाणारेच ताप घेऊन निघत. गाठ नाही, मेलेले उंदीर नाहीत, बोट दाखवायला काही नाही. मिरजेत वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून होते, परंतु जिथे रुग्णालये होती तिथेही अंथरूण, पाणी आणि पेज यांपलीकडे देण्यासारखे काही नव्हते.

प्लेगमधून उठलेल्या माणसाची गोष्ट होते. उस्ताद अब्दुल करीम खाँ प्लेगमधून बरे झाले ते मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या कृपेने, अशी श्रद्धा मिरजेत आजही सांगितली जाते. गाठीच्या प्लेगात, उपचार नसताना, निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत, म्हणून वाचलेला माणूस ही नवलाईची बाब ठरे. मानमोडीत बहुतेक रुग्ण उठले. मृतांचा आकडा प्रचंड झाला तो जवळजवळ प्रत्येक घरात ती शिरल्यामुळे. ज्यातून सगळेच गेले त्याची गोष्ट कोण कोणाला सांगणार?

पाटणखोरे (पाटण, सध्या मुंबई)

आमच्या खोऱ्यातील प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गिरणीत, गोदीत किंवा माथाडीत होते, त्यामुळे मी हा प्रश्न मजुरीच्या बाजूने पाहतो.

प्लेगच्या पहिल्या हिवाळ्यात, म्हणजे १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत, साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या मुंबईतून जवळपास निम्मी माणसे निघून गेली. त्यांत कोकणातले होते तसे आपल्या घाटावरचेही होते. गिरण्या चालू ठेवण्यासाठी मालकांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली लावू लागली आणि महिनाभर राबवून पुढच्या महिन्यात पगार देण्याची जुनी रीत मोडून मजुरांनी रोजच्या रोज पैसे मागून घेतले. काही महिन्यांपुरते का होईना, गिरणी कामगाराला आपल्या हातांची किंमत कळली. सरकारने आणि मालकांनीही धडा घेतला: १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला, रस्ते रुंद झाले, दाटीच्या वस्त्या पाडल्या गेल्या. अर्थात पाडलेल्या खोल्यांतली माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली, तो भाग सुधारणेच्या अहवालात येत नाही.

युरोपात काळ्या मृत्यूनंतर हेच फार मोठ्या प्रमाणावर झाले. एक तृतीयांश ते निम्मी माणसे गेल्यावर मजुरी चढली, इंग्लंडमध्ये १३५१ साली ती पूर्वीच्याच दराला बांधून ठेवणारा कायदा करावा लागला आणि १३८१ मध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला. मग आपल्याकडे १९१८ नंतर मजुराला असे बळ का आले नाही? माझ्या मते पहिले कारण प्रमाणाचे. तिकडे तिघांतला एक किंवा दोघांतला एक गेला, आपल्याकडे साधारण विसांतला एक. दुसरे कारण कर्जाचे. माणूस गेला तरी सावकाराच्या वहीतले नाव जात नाही, ते मुलाच्या नावापुढे चढते. आणि तिसरे म्हणजे वेळ. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, बाजरी जेमतेम आलेली, आणि शाळूच्या पेरणीच्या दिवसांतच घराघरांतली कर्ती माणसे अंथरुणावर होती.

तरीही मानमोडीने काहीच मागे ठेवले नाही, हे मला पटत नाही. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा साथ होऊन तीन महिनेही झाले नव्हते. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात सत्यशोधक विचारांच्या प्रभावाखाली कुळे खंडाविरुद्ध (जमीनमालकाला द्याव्या लागणाऱ्या मोबदल्याविरुद्ध) उभी राहिली. महागाई, दुष्काळ, महायुद्धाहून परतलेले शिपाई आणि ताप हे सगळे एकाच वेळी माणसांवर कोसळले होते. प्लेगचा परिणाम वेगळा काढून दाखवता येतो; मानमोडीचा परिणाम बाकीच्यांत मिसळला.

२०२० च्या उन्हाळ्यात आम्ही 'मुंबईकर' गावी परतलो तेव्हा वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या आणि जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात चौदा दिवस काढावे लागले. राग आला, हे खरे आहे. परंतु १८९७ च्या हिवाळ्यात याच वाटेने गावी परतलेल्यांपैकी कित्येकांनी बोचक्यांतून पिसवा नेल्या असतील, हे आठवले की काट्या टाकणाऱ्यांना अडाणी म्हणवत नाही.

वाईदेशी (वाई)

माणसांना 'काहीतरी करता आले का', या माहुलीकरांच्या कसोटीत देवधर्माचा विचार हवा. पटकी आली की मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोगराई त्याबरोबर निघून जाते, ही रीत आपल्याकडे घट्ट होती. पुढच्या गावाला ती पसंत नसे, त्यामुळे शिवेवर मारामाऱ्याही होत. देवीसाठी शीतळादेवीला दहीभात, थंड पाणी, कडुलिंबाचा पाला. मानमोडीसाठी असा विधी आमच्या भागात कोणी सांगितलेला नाही. बहुधा विधी रुळायला साथ पुन्हापुन्हा यावी लागते, आणि ही आली आणि गेली.

पटकीच्या बाबतीत सरकारचा हात घरात न शिरता वारीच्या वाटेवर पोहोचला. पंढरपूरच्या यात्रेत एकोणिसाव्या शतकात पटकी वारंवार उसळे. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आपल्याच जिल्ह्यातून जात असल्याने वाटेवरच्या विहिरींचे पाणी हा इथे नेहमीच काळजीचा विषय राहिला. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाशी पटकीचा संबंध जोडला, त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. आजही आषाढीच्या आधी ग्रामपंचायतीचा शिपाई टीसीएलची (पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीन पावडरीची) पिशवी घेऊन टाकीवर चढतो आणि आरोग्य सेवक नळाच्या पाण्यात ओटी (क्लोरीन तपासण्याचे द्रावण) टाकून रंग पाहतो. मरीआईचे देऊळ अजून आहे आणि तिला नारळही फुटतो. टीसीएलचे काम थांबत नाही.

नायगावची लेक (खंडाळा)

आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे, आणि माझ्या मते माहुलीकरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

प्लेगच्या घरझडतीचा एवढा क्षोभ का झाला? परके शिपाई माजघरात आणि देवघरात शिरत होते, बायकांना उघड्यावर आणून काखेत, जांघेत गाठ आहे का हे तपासले जात होते. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्येच पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांबद्दल जाहीर पत्र लिहिले होते. म्हणजे प्लेगची जी आठवण राजकारणात उतरली, ती मोठ्या अंशी घरच्या बायकांच्या अब्रूच्या नावाने उतरली. त्या बायकांनी स्वतः काय भोगले याची नोंद मात्र थोडी. त्याच १८९७ च्या मार्चमध्ये, १० तारखेला, आमच्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर मुलगा यशवंत यांनी उघडलेल्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना प्लेगनेच गेल्या. सरकारी छावणीचा धाक आणि घरी लपवून ठेवण्याची धडपड यांच्यामध्ये त्या दवाखान्याने तिसरी वाट दाखवली होती. एवढी मोठी गोष्ट असूनही प्लेगच्या इतिहासात कालपरवापर्यंत रँड आधी यायचा आणि सावित्रीबाई तळटीपेत यायच्या.

आता मानमोडी. तिने नेहमीच्या तापासारखी म्हातारी माणसे आणि तान्ही मुले नेली नाहीत. वीस ते चाळीस या वयातली माणसे नेली आणि आपल्याकडे पुरुषांहून बायका अधिक नेल्या. आजाऱ्यांची उस्तवार त्याच करीत होत्या, उपाशी आधी त्याच राहत होत्या, आणि गर्भारपणात तर हा ताप फारच घातक होता. गावाची आठवण कोण सांभाळते? जात्यावर, पाणवठ्यावर, बाळंतिणीच्या खोलीत ती बायकांच्या तोंडी असते. ज्या पिढीने ही आठवण पुढे द्यायची, त्या पिढीतल्या सांगणाऱ्याच गेल्या. उरलेल्या घरांत लवकरच दुसरेपणाची सून आली आणि तिच्यासमोर पहिलीचा विषय काढायचा नाही, हा घरोघरचा संकेत होता.

कोणाकडे भाटांनी वा घरच्यांनी लिहिलेली वंशावळ असेल तर १९१९-२० च्या सुमारास 'द्वितीय संबंध' कितीदा येतो, हे जरूर पाहावे. आमच्या वंशावळीत तो सलग तिन्ही भावांच्या नावांपुढे आहे आणि पहिल्या तिघींपैकी एकीचेही माहेरचे नाव लिहिलेले नाही.

माहुलीकर

ताई, आपला मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता आणि तो तिला पुष्कळ पुढे नेतो. जातीची बाजूही यातच जोडायला हवी. मुंबई शहरात १९१८ मध्ये या तापाने कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींत हजारी ६१ हून अधिक माणसे दगावली, तर युरोपियनांत हजारी ८ च्या आसपास. ज्यांच्याकडे लेखणी आणि छापखाना होता त्यांच्या घरांवर प्लेगच्या घरझडतीची आच थेट आली. मानमोडीचा सर्वांत मोठा घाव ज्यांच्यावर बसला त्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते.

पाटणखोरे यांच्या 'मिसळला' या म्हणण्याशी मी सहमत आहे, फक्त संपाचे श्रेय तापाला देण्याइतका पुरावा त्यात नाही. दामदुप्पट महागाई संपाला पुरेशी होती.

माणगंगा (आटपाडी)

मला माहुलीकरांच्या सिद्धांताचा दुसरा भाग मान्य आहे, पहिला नाही. सरकार घरात शिरले म्हणून ठसा राहिला, असे म्हणताना सरकार प्रत्येक वेळी सोल्जर घेऊनच शिरते, असे गृहीत धरले जाते आहे.

देवीचे उदाहरण घ्या. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या लहान मुलीला पहिली लस टोचली गेली, तिथपासून १९७५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षे, सरकार देवी काढण्यासाठी घराघरांत जात राहिले. सुरुवातीला देवी डॉक्टर आला की मुलांना रानात पाठवत, कणगीआड लपवत. हळूहळू लोकांनी पाहिले की दंडावर व्रण असलेले मूल देवीच्या साथीत वाचते. शेवटच्या टप्प्यात रोगी शोधून त्याच्या भोवतालच्या सर्वांना टोचायचे, अशी पद्धत आली, आणि 'देवीचा रोगी कळवा व एक हजार रुपये मिळवा' हे वाक्य गावोगावच्या भिंतींवर गेरूने रंगवले गेले. आमच्या चावडीच्या भिंतीवर चुन्याचा हात फिरूनही ते कितीतरी वर्षे वाचता येत होते. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. इथे सरकार घरात प्लेगपेक्षा कितीतरी अधिक काळ होते. तरी कोणी गोळी झाडली नाही, कारण ते काय नेते आणि काय देते, हे लोकांना पडताळून पाहता आले.

आता कायद्याविषयी. १८९७ चा तो कायदा मुळात जेमतेम चार कलमांचा होता. सरकारला वाटेल ते नियम करण्याचा अधिकार, न पाळणाऱ्याला शिक्षा आणि अंमलदाराला संरक्षण, एवढाच त्याचा ऐवज. रुग्णाला काय मिळेल याबद्दल त्यात शब्द नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच लागू झाला. त्याच महिन्यात आमच्या सांगली जिल्ह्यात, इस्लामपुरात, परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातून लागण पसरून रुग्णांची संख्या आठवड्याभरात पंचवीसच्या आसपास गेली आणि वाहिन्यांनी शहर डोक्यावर घेतले. शहराचा तो भाग बंद केला, संपर्कातली माणसे एकेक करून शोधली, दूध-किराणा दारात पोहोचवला आणि ती साखळी तुटली. कायदा १८९७ चाच होता. किराणा दारात पोहोचवा, असे त्याच्या कोणत्याही कलमात लिहिलेले नव्हते. समाजमाध्यमांवर त्या कुटुंबाच्या वाट्याला जे आले ते मात्र लाजिरवाणे होते, आणि ते सरकारने नव्हे, आपण केले.

संस्थानांचाही विचार व्हावा. इंग्रजी मुलूख, सांगली, मिरज, औंध, जत, फलटण अशा हद्दी आपल्या भागात एकमेकींत घुसलेल्या होत्या आणि ब्रिटिश हद्दीतला कायदा संस्थानाला आपोआप लागू होत नसे. एकाच साथीत दोन शेजारची गावे दोन निराळ्या अंमलांखाली होती. माहुलीकरांचा पहिला मुद्दा तपासायचाच असेल, तर अशा जोडगावांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तपासावा.

मिरजेचा डॉक्टर

माणगंगा, पडताळून पाहण्याचा मुद्दा लसीच्या इतिहासातही दिसतो. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांनी ती घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावात एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले, हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नसल्याचे मान्य व्हायला १९०७ उजाडले. एका बाटलीने घालवलेला विश्वास परत मिळवण्यात पाच वर्षे गेली, आणि त्याच काळात, म्हणजे १९०४ ते १९०७ दरम्यान, देशात प्लेगचे मृत्यू कळसाला पोहोचले होते. हा सगळा परिणाम मुलकोवालचा असे मी म्हणणार नाही, परंतु लस हाताशी असून ती नाकारली जात होती, एवढे खरे.

१९१८ मध्ये नाकारण्यासारखेही काही नव्हते. म्हणून माहुलीकरांची दुसरी कसोटी, माणसांना काही करता आले का, ही मला अधिक वजनदार वाटते.

माहुलीकर

माणगंगा यांची जोडगावांची कल्पना फार चांगली आहे आणि ती अमलात आणता येण्यासारखी आहे. कोरेगाव तालुक्यात औंध संस्थानाची आणि ब्रिटिश हद्दीची गावे शिवेला शीव लागून होती. तिथून सुरुवात करता येईल. संस्थानांची दप्तरे एकाच ठिकाणी नसल्याने प्लेगची वर्षे जुळवायला वेळ लागेल. १९१८ चे काम त्या मानाने सोपे आहे.

ज्यांना आपल्या गावचे पाहायचे असेल त्यांनी नमुना १४ मधील ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १९१८ ची पाने आधी काढावीत आणि त्यांची तुलना १९१७ च्या त्याच महिन्यांशी करावी. रकान्यात 'इन्फ्लुएंझा' शोधू नये, तो बहुधा सापडणार नाही. 'ताप' मोजावा आणि वय व स्त्री-पुरुष हे वेगवेगळे टिपावे, म्हणजे नायगावच्या ताईंनी मांडलेला मुद्दाही आपोआप तपासला जाईल. जिथे १९१८ च्या आधीची शाळा आहे, तिथे मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेचे जनरल रजिस्टरही पाहावे. १९१९ नंतरच्या प्रवेशांत पालक म्हणून वडिलांऐवजी चुलता, मामा किंवा आजोबा यांची नावे कितीदा येतात, हे त्यात दिसते. कोतवाल बुकात गेलेली माणसे आहेत, तर या रजिस्टरात त्यांच्यामागे उरलेली मुले आहेत.

पानांची छायाचित्रे इथे टाकताना जातीचा आणि नावांचा रकाना झाकावा. मोडी वाचून देण्याचे काम माझे स्नेही आणि मी करू. पाने स्पष्ट असावीत आणि कडेचा अनुक्रमांक कापला जाऊ नये, एवढीच विनंती.